लिहायचं 'के-फु', वाचायचं 'क्योऽ'

जपानी भाषेत 'आज'ला म्हणतात 'क्योऽ'. पण 1946पर्यंत काना लिपीत तो शब्द 'के-फु' असा लिहीत. फुलपाखरू म्हणजे 'चोऽ', तेही लिहायचं 'ते-फु'. हजारेक वर्षांपूर्वी उच्चार या लेखनाच्या बरेच जवळ होते. पुढे बोलणं बदलत गेलं, अक्षरं मात्र तिथेच राहिली. सतराव्या शतकात केइच्यू या बौद्ध भिक्षूने 'मान्योऽश्यू'सारखे प्राचीन ग्रंथ तपासून जुनं लेखन निश्चित केलं आणि मेइजी काळात शाळांनी त्याच परंपरेला प्रमाण मानलं. विद्वत्ता थोरच, पण ओझं पडलं ते पोरांवर!

महायुद्धानंतर, नोव्हेंबर 1946मध्ये सरकारने उच्चाराला धरून लिहिण्याचे नियम जाहीर केले. नाटककार फुकुदा त्सुनेआरी यांनी कडाडून विरोध केला. लेखनाने शब्दाच्या कुळाशी इमान राखावं, असा त्यांचा आग्रह. तो मला समजतो, तरी मुलांची सोय मोठी. 1986मध्ये नियमांची फेरमांडणी झाली, गाभा तोच राहिला.

जुन्या वळणाच्या काही खुणा मात्र टिकल्या. वाक्याचा विषय दाखवणारं 'वा' हे अव्यय आजही 'हा' या अक्षरानेच लिहितात.