पिल्लांचा पहिला आहार

अंड्यातून बाहेर पडलेल्या कोंबडीच्या पिल्लाच्या पोटात बलकाचा थोडा अंश शिल्लक असतो. या शिदोरीवर ते दोन दिवस, फार तर तीन दिवस तग धरते. म्हणूनच एक दिवसाची पिल्ले खोक्यात भरून, दाणापाण्याशिवाय दूरच्या गावी पाठवता येतात. पण तग धरणे वेगळे आणि वाढणे वेगळे. दाणा पोटात गेल्यावरच आतडी नीट कामाला लागतात. त्यामुळे पिल्ले शेडवर उतरली की आधी पाणी आणि पाठोपाठ खाद्य द्यावे. त्यात दिरंगाई नको. रात्री चार-सहा पिल्ले हातात घेऊन गळ्याखालची खाद्याची पिशवी चाचपावी. ती भरलेली आणि मऊ लागली, तर पिल्लू खाऊ-पिऊ लागले आहे. रिकामी लागली, तर ब्रूडरची, म्हणजे पिल्लांना उबवत ठेवणाऱ्या साधनाची, ऊब किंवा खाद्याची जागा चुकते आहे.

पिल्लांना तांदळाच्या कण्या पुरतात, ही समजूत जुनी आहे. खुडूक कोंबडीमागे फिरणारी पिल्ले कण्या खातात हे खरे. पण ती कोंबडी दिवसभर उकिरडा उकरून त्यांना किडे आणि अळ्याही खाऊ घालते. वाळवी लागलेला ढेपळा पिल्लांपुढे फोडण्याची गावाकडची रीतही याच गरजेतून आली. कण्यांत प्रथिने असतात सात-आठ टक्के, मक्यात आठ-नऊ. पिल्लाला लागतात वीसच्या आसपास. ब्रूडरखाली वाढणाऱ्या पिल्लाला ना आई, ना उकिरडा. ही तूट त्याने कुठून भरून काढावी? नुसत्या कण्यांवर पिल्लांची पिसे उशिरा फुटतात, वाढ खुंटते आणि मर वाढते.

बाजारातल्या गोणीवर नुसते ‘स्टार्टर’ असे लिहिलेले असले, तरी ते कोणत्या पक्ष्यासाठी आहे हे आधी पाहावे. भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १३७४ नुसार, अंड्यांच्या जातीच्या पिल्लांना आठ आठवड्यांपर्यंत सुमारे २० टक्के प्रथिने आणि किलोमागे २,८०० किलोकॅलरी ऊर्जा असलेले खाद्य लागते. ब्रॉयलरच्या प्रीस्टार्टरमध्ये प्रथिने २३ टक्के आणि ऊर्जा ३,००० किलोकॅलरीपर्यंत असते. ब्रॉयलरचे चाळीस ग्रॅमचे पिल्लू पहिल्याच आठवड्यात चौपट वजनाचे होते, त्याला हे बळ हवेच. वनराज किंवा गिरिराज यांसारख्या परसातल्या जाती या दोहोंच्या मध्ये येतात. त्यांना अंड्यांच्या जातीचे चिक खाद्य मानवते. पहिले दोन-तीन आठवडे ब्रॉयलर स्टार्टर दिले तरी बिघडत नाही. मात्र ते पुढे चालू ठेवले की माद्या चरबीने जड होतात आणि पुढे अंडी कमी देतात.

सर्वांत महाग पडणारी चूक निराळीच आहे. घरात अंड्यावरच्या कोंबड्या आणि पिल्ले दोन्ही असली, की एकच लेयर खाद्याची गोणी सगळ्यांपुढे ओतली जाते. लेयर खाद्यात कॅल्शियम तीन टक्क्यांहून जास्त असते, पिल्लाला एक टक्का पुरते. जादा कॅल्शियम बाहेर टाकताना पिल्लाचे मूत्रपिंड निकामी होते. मेलेले पिल्लू उघडले तर काळजावर आणि यकृतावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर दिसतो, हाच गाउट. एकच गोणी घेणे परवडत असेल, तर ती चिक खाद्याची घ्यावी आणि कोंबड्यांसाठी शिंपल्यांची भरड वेगळ्या भांड्यात, पिल्लांची चोच पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवावी.

लेबलावरचा प्रथिनांचा आकडा महत्त्वाचा, पण तेवढ्यावर विसंबू नये. प्रयोगशाळा खाद्यातला नायट्रोजन मोजते आणि त्यावरून प्रथिने काढते. त्यामुळे युरिया मिसळूनही आकडा फुगवता येतो, आणि युरियाचा पिल्लाला काडीचा उपयोग नाही. मक्यात लायसिन कमी असते, सोयाबीन पेंडीत मेथिओनिन. म्हणून ही दोन्ही एकत्र करून वरून मेथिओनिन घातलेले खाद्य अंगी लागते. किनारपट्टीवर सुक्या मासळीची भुकटी घालतात. प्रथिने म्हणून ती उत्तम, पण खारवलेल्या मासळीत मीठ आणि वाळवणाची रेती येते. जादा मीठ पिल्लाला सोसत नाही. त्याला पाण्यासारखी हगवण लागते.

काही खाद्यांत रक्ती हगवण रोखणारे औषध आधीच मिसळलेले असते. तुसावर दाटीने वाढणाऱ्या पिल्लांना, विशेषतः पावसाळ्यात, असे खाद्य देणे शहाणपणाचे. ते कोणते औषध आहे हे लेबलावर वाचावे. सॅलिनोमायसिन टर्कीला बाधते, मोनेन्सिन घोड्याचा जीव घेते. तेव्हा अशी गोणी इतर जनावरांपासून दूर ठेवावी. वाढीसाठी म्हणून प्रतिजैविक घातलेले खाद्य मात्र घेऊच नये. अशा वापराने औषधांना न जुमानणारे जंतू वाढतात, आणि त्याची किंमत माणसांना मोजावी लागते. याच कारणाने केंद्र सरकारने २०१९ मध्ये पशुखाद्यात कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली.

खाद्य हातात घेऊन पाहावे. पिठासारखे बारीक दळलेले खाद्य (मॅश) ओल्या चोचीला चिकटून लगदा होतो. फार जाडे असले, तर पिल्ले मक्याचे दाणे वेचतात आणि जीवनसत्त्वे तळाशी राहतात. एकसारख्या बारीक कणांचे क्रम्ब पहिल्या आठवड्यात चांगले. वास कुबट, तेल खवट किंवा हाताला गुठळ्या लागल्या, तर ती गोणी कितीही स्वस्त असली तरी परत करावी. ओलसर मका आणि शेंगदाणा पेंड यांवर वाढणाऱ्या बुरशीचे अफलाटॉक्सिन यकृत पोखरते आणि लसही धड लागू देत नाही. डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या खाद्यातही ते असू शकते. म्हणून गोणीवरची तारीख पाहून, तीन-चार आठवड्यांत संपेल एवढेच खाद्य आणावे. गोण्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचाव्यात.

खर्चाचा हिशेब पाहता अंड्यांच्या जातीचे पिल्लू पहिल्या आठ आठवड्यांत दोन किलोच्या आतबाहेर खाद्य खाते. तीच कोंबडी अंड्यावर आल्यावर वर्षाला चाळीस किलो खाते. पिल्लाच्या खाद्यात किलोमागे दोन-चार रुपये वाचवणे म्हणजे पक्ष्यामागे फार तर आठेक रुपये, आणि त्यापायी एक पिल्लू गेले तरी कित्येक पिल्लांची बचत बुडते.

आठव्या आठवड्यानंतर १६ टक्के प्रथिनांचे ग्रोवर खाद्य सुरू करावे. पिल्ले वजनाला कमी भरली, तर चिक खाद्य आणखी आठवडाभर चालू ठेवावे. बदल एका दिवसात न करता पहिले दोन दिवस चौथा हिस्सा, पुढचे दोन दिवस निम्मे, असे नवे खाद्य मिसळत जावे. लेयर खाद्य पहिले अंडे दिसेपर्यंत, म्हणजे साधारण अठरा-वीस आठवड्यांपर्यंत, देऊ नये.