किडलेला दात भरतात म्हणजे काय?

हाड मोडले तर सांधते, जखम झाली तर खपली धरते. दातात मात्र एकदा खड्डा पडला की तो आपोआप भरून येत नाही. तो भरूनच घ्यावा लागतो. तो कसा भरतात, ते आज पाहू.

दाताचे वरचे कवच हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे. पण आम्लापुढे त्याचे काही चालत नाही. आपण पेढा खातो, गोड चहा पितो. दातांवर बसलेले जंतू त्यातल्या साखरेचे आम्ल करतात आणि त्या आम्लात कवच थोडे थोडे विरघळते. या कवचात नसा नसतात, म्हणून कीड लागली तरी दात दुखत नाही. कवचाखालचा थर त्याहून मऊ. तिथे कीड झपाट्याने पसरते. ती अगदी गाभ्यातल्या नसांपर्यंत पोचली, की मग मात्र रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही!

दात भरताना डॉक्टर किडलेला मऊ भाग कोरून काढतात. गरज पडली तर आधी सुई देऊन जागा बधिर करतात. मग खड्डा साफ करून त्यात मसाला भरतात. पूर्वीपासूनचा मसाला चांदीचा. त्यात जवळजवळ निम्मा पारा आणि बाकी चांदी, कथील, तांबे. तो टिकाऊ खरा. पण पाऱ्याच्या प्रदूषणामुळे २०१३ च्या मिनामाता कराराने त्याचा वापर कमी करायचे ठरवले. दाताच्या रंगाचा मसाला राळ आणि काचेची बारीक पूड यांचा असतो. निळा प्रकाश टाकला की तो काही सेकंदांत घट्ट होतो. मात्र त्या वेळी दात अगदी कोरडा लागतो. तिसरा मसाला ग्लास आयोनोमर. तो दाताला स्वतःच चिकटतो आणि त्यातून थोडे फ्लोराइडही झिरपते. मुलांच्या दुधाच्या दातांना तो सोयीचा पडतो.

“दुखत नाही ना, मग कशाला जायचं डॉक्टरकडे?” असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. दुखायला लागलं की लवंगेचं तेल लावतात. तेलाने ठणका कमी होतो, कीड तशीच राहते. ती गाभ्यात शिरली, की नुसतं भरून भागत नाही. मुळातली नस काढावी लागते, नाही तर दातच.

तेव्हा दातावर काळा ठिपका दिसला, घास अडकू लागला, थंड पाणी झोंबू लागलं, तर लगेच दाखवा. खड्डा लहान आहे तोवर काम थोडं, खर्चही थोडा. आणि आपला दात आपल्यापाशी राहतो.