शहराच्या वेशीवरचीं गांवें



शहर वाढलें म्हणजे आपण आनंद मानतों. नव्या इमारती, नवे रस्ते व नवीं दुकानें पाहून प्रगति झाली असें आपणांस वाटतें. परंतु शहर वाढतें तें रिकाम्या जागेवर नव्हे. तें कोणत्या तरी गांवाच्या शिवारांत वाढतें. त्या गांवाला स्वतःची विहीर असते, ओढा असतो, पाणंद असते आणि तेथील वस्तीशीं ह्या सर्वांचें एक प्रमाण जमलेलें असतें. तें प्रमाण एकाएकीं मोडलें म्हणजे काय होतें, ह्याचा विचार पुण्याभोंवतालच्या गांवांच्या उदाहरणानें आज करूं.

वाघोली, मांजरी, सूस, म्हाळुंगे, नांदेड, किरकटवाडी हीं नांवें पुणेकरांच्या चांगल्या परिचयाचीं आहेत. एका पिढीपूर्वीं जेथें शेतें होतीं तेथें आज उंच इमारतींच्या रांगा उभ्या आहेत. २०१७ सालीं अशीं ११ गांवें व २०२१ सालीं आणखी २३ गांवें पुणें महापालिकेंत सामील करण्यांत आलीं. पण घरें आधीं झालीं आणि महापालिका मागाहून आली, हें येथें लक्षांत ठेवावें.

प्रथम पाण्याचा हिशेब मांडूं. २०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन योजनेप्रमाणें ग्रामीण भागांत दर माणशीं रोज ५५ लिटर पाण्याचें मान धरलें आहे. भुयारी गटारें असलेल्या शहरांत तेंच मान १३५ लिटरांचें आहे. समजा, ५,००० वस्तीचें एक गांव आहे. त्याला रोज २,७५,००० लिटर पाणी लागेल. आतां त्याच्या शिवारांत १०० बिऱ्हाडांची एक अशा १० इमारती झाल्या व दर बिऱ्हाडीं ४ माणसें धरलीं, तर ४,००० माणसें नवीं आलीं. शहरी मानानें त्यांना रोज ५,४०,००० लिटर पाणी हवें. म्हणजे वस्ती दुप्पटहि झाली नाहीं, पण पाण्याची गरज जवळजवळ तिप्पट झाली!

हें पाणी आणावयाचें कोठून? सार्वजनिक नळ येईपर्यंत पाणी मी पुरवीन, असें हमीपत्र बांधणारा लिहून देतो. परंतु कागदाला पाझर फुटत नाहीं. मग विंधन विहिरी खणल्या जातात. आपल्या पठाराचा काळा पाषाण वाळूसारखें पाणी सांठवीत नाहीं; त्याच्या भेगांत व वरच्या मुरमाड थरांत जें मुरतें तेवढेंच मिळतें. खोल उपसा सुरू झाला म्हणजे शेजारच्या उथळ विहिरी आटतात. राहिली गरज टँकरनें भागवावी, तर १०,००० लिटरांचे ५४ टँकर रोज लागतील. एकेका टँकरांतील नुसत्या पाण्याचें वजन १० टन! बैलगाडीसाठीं केलेल्या रस्त्यावरून असे ५४ टँकर जाणार आणि येणार. आणि मुलांची शाळेची वाटहि तीच.

जें पाणी आंत येतें तें बाहेरहि जातें. वापरलेल्या पाण्यापैकीं सुमारें ८० टक्के सांडपाणी होतें, असा अभियंत्यांचा आडाखा आहे. म्हणजे आपल्या उदाहरणांत रोज ४,३२,००० लिटर. गांवांत होते ते शोषखड्डे. इमारतींत शुद्धीकरणाचीं यंत्रें बसवितात. पण विजेचा व देखभालीचा खर्च नको म्हणून पुष्कळ ठिकाणीं तीं बंद राहतात. तें पाणी ओढ्यास मिळतें व ओढा मुळा-मुठेस.

ही केवळ गैरसोयीची गोष्ट नाहीं, हें २०२५ च्या जानेवारींत दिसून आलें. सिंहगड रस्त्याकडील नांदेड, किरकटवाडी, धायरी ह्या भागांत व आसपास गियाँ-बारे नांवाच्या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण आढळूं लागले. हातापायांतील शक्ति जाते, कित्येकांना श्वासासाठीं यंत्र लावावें लागतें. पुणें परिसरांतील संशयित रुग्णांची संख्या दोनशेंच्या वर गेली, कांहीं दगावले. दूषित पाण्यावर संशय गेला. तेव्हां हें उघड झालें कीं, ह्या भागांतील कित्येक घरांना विहिरीचें पाणी गाळणी-शुद्धीकरण न होतां, केवळ जंतुनाशक औषध टाकून मिळत होतें. खडकवासल्याचें धरण १८७९ पासून उशाशीं आहे. परंतु शुद्ध पाणी मात्र उंबऱ्यापर्यंत पोंचलेलें नव्हतें.

दोष कोणाचा? कर्ज काढून घर घेणाऱ्या नव्या रहिवाशाचा नव्हे; तोहि त्याच टँकरची वाट पाहतो. जमीन विकणाऱ्या शेतकऱ्याचाहि नव्हे. दोष क्रमाचा आहे. बांधकामाची परवानगी पूर्वीं जिल्हाधिकारी देत, २०१५ पासून महानगर प्रदेश विकास प्राधिकरण देऊं लागलें. पण पाणी मागण्यास लोक गेले ते ग्रामपंचायतीच्या दारीं. तिच्या घरपट्टींत व पाणीपट्टींत एवढा भार उचलण्याचें बळ नव्हतें. २०२१ सालीं २३ गांवांच्या पंचायती संपल्या. २०२२ च्या मार्चमध्यें महापालिकेची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेला. म्हणजे त्या काळांत ह्या गांवांना सरपंचहि उरला नव्हता व नगरसेवकहि मिळाला नव्हता. फुरसुंगी व उरुळी देवाची ह्या गांवांनीं तर शहराचा कचरा वर्षानुवर्षें सोसला; २०१७ सालीं तीं महापालिकेंत आलीं व २०२४ सालीं बाहेर पडून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. नुसती हद्द बदलल्यानें नळाला पाणी येत नाहीं.

उपाय नवा नाहीं. घर बांधणारा शहाणा माणूस आधीं विहीर पाहतो, मग पाया खणतो. सरकारनेंहि तसेंच करावें. आधीं पाण्याचा स्रोत, जलवाहिनी, मलनिःसारण व रस्ता. मग इमारतीची परवानगी. हमीपत्रावर नव्हे, प्रत्यक्ष पाणी पाहून भोगवटा प्रमाणपत्र द्यावें. विकासशुल्काचा पैसा ज्या गांवांतून येतो तेथेंच आधीं खर्च व्हावा.

आणि आपण शहरवासी? वेशीवर घर घेतांना खोल्या किती हें जसें विचारतों, तसें पाणी कोठून येतें व सांडपाणी कोठें जातें हेंहि विचारावें. जेथें ग्रामपंचायत आहे तेथें मतदारयादींत नांव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद असतो. तेव्हां नव्या रहिवाशानें तेथें नांव नोंदवून जुन्या गांवकऱ्याशेजारीं बसावें. पाणी दोघांचें एकच आहे. दोघांनीं मिळून मागितलें तर तें लवकर मिळेल. एकमेकांस दोष देत बसलें तर दोघांच्याहि घागरी रिकाम्या राहतील.