सुईनंतरचं काळं-निळं

(राजूर येथे आशाताई आणि वाड्यांवरच्या महिलांच्या बैठकीत केलेलं भाषण)

मागे दाराशी उभ्या असलेल्या बंधूंनी बाहेर जायचं कारण नाही. विषय बायकांच्या छातीतल्या गाठीचा आहे. पण दवाखान्याची जीप तुम्हीच ठरवता, आणि दुसऱ्यांदा जायचं की नाही हेही बहुतेक घरांत तुम्हीच ठरवता. तेव्हा आत येऊन बसा.

आधी माझी चूक सांगते. दोन पावसाळ्यांपूर्वी एका वाडीतली बाई डाव्या स्तनात गाठ घेऊन माझ्याकडे आली. वय पन्नाशीच्या आसपास. गाठ दुखत नव्हती, म्हणून वर्षभर कुणाला बोलली नव्हती. मी तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे सुईने तुकडा काढला, दहा मिनिटं दाबून धरलं, पट्टी लावली आणि आठ दिवसांनी रिपोर्टला या म्हणाले. मी तिला काळी-पिवळीत बसवून दिलं आणि माझ्या पुढच्या कामाला गेले.

आवणीचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी ती दिवसभर चिखलात वाकून रोपं लावत होती आणि संध्याकाळी गवताचा भारा डोक्यावर घेऊन घरी आली. रात्री पोलकं रक्ताने भिजलं. तिने ते कुणाला दाखवलं नाही. शुभवर्तमानात बारा वर्षं रक्तस्राव सोसलेली स्त्री गर्दीतून मागून येते. समोर उभं राहून सांगायची तिची हिंमत होत नाही. आपल्या बाया अजून तशाच मागून येतात. तिसऱ्या दिवशी निम्मा स्तन जांभळा-काळा झाला तेव्हा जावेने पाहिलं. ती म्हणाली, "सुईनं गाठ फोडली, आता आतून पसारली." घरात तेच ठरलं. भगत झाला, पाल्याचा लेप झाला. रिपोर्ट सात महिने दवाखान्यातच पडून राहिला.

त्यात कॅन्सर होता. मी तिला पुन्हा नेलं तोवर काखेतही गाठी आल्या होत्या. ऑपरेशन झालं, केमो झाली, उपचार लांबले. आज ती आहे, पण डावा हात सुजतो, भारा उचलवत नाही. मला भेटली की म्हणते, "ताई, काळं पडंल एवढं जरी आधी सांगितलं असतंस." मला ते माहीत होतं. मी सांगितलं नव्हतं. म्हणून आज सांगते आहे.

आधी सुई कशी असते ते ऐका. कातडी बधिर करायचं इंजेक्शन देतात, ते थोडं चुरचुरतं. मग इंजेक्शनपेक्षा जाड सुई गाठीत घालतात. 'टक' असा आवाज येतो, बाया त्यालाच दचकतात. शेवईच्या तुकड्याएवढे चार-पाच बारीक तुकडे निघतात. ते बाटलीतल्या औषधात घालून तपासायला पाठवतात. टाका बहुधा लागत नाही.

स्तन हा मऊ अवयव आहे, त्यात रक्तवाहिन्या भरपूर. सुई जाताना एखादी बारीक वाहिनी कापली जाते आणि रक्त आतल्या चरबीत झिरपतं. ते खाली उतरतं, म्हणून सुई वर टोचली असली तरी डाग कधी खालच्या बाजूला दिसतो. आधी जांभळा-काळा, मग हिरवट, मग पिवळा होतो आणि साधारण दोन आठवड्यांत जातो. म्हशीने शिंग मारलं तर मांडीवर जे उठतं, तेच हे. कधी आत रक्त साकळून टणक गोळा होतो. तो जिरायला काही आठवडे लागतात. ती नवी गाठ नव्हे. जोरात रक्त जाऊन दवाखान्यात काही करावं लागलं, असं या सुईनंतर शंभरात एखादीलाही होत नाही.

आणि पसरण्याचं म्हणाल तर ही भीती फक्त आपल्या डोंगरातली नाही. मुंबईतल्या शिकलेल्या बायकाही हेच विचारतात. सुईच्या वाटेत क्वचित पेशी सापडतात हे डॉक्टरांनी तपासलं आहे. पण सुई लावल्यामुळे बायका लवकर जातात असं दिसलेलं नाही. सुई लावायची सोडून थांबलं की मात्र गाठ वाढते.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये झोपडपट्ट्यांतल्या दीड लाखाहून जास्त बायकांवर एक अभ्यास सुरू केला. निम्म्या बायकांची छाती दर दोन वर्षांनी तपासायची, तीही हाताने, मशिन नाही. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या, तुमच्यासारख्या. २० वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये छापून आला. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले होते. त्याहून तरुण बायकांत असा फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण आशाताई, तुमच्या हाताला गाठ लागली तरी सुई झाली नाही, रिपोर्ट आणला नाही, तर त्या हाताचा काय उपयोग?

आता गोळ्यांचं. हृदयाची झडप बदललेली, अँजिओप्लास्टी झालेली किंवा लकवा येऊन गेलेली माणसं रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतात. बाई त्या घेत असेल तर सुईच्या आधी डॉक्टरांना सांगा, गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घालून न्या. पण आपल्या मनाने बंद करू नका. एका घरात नवऱ्याने "रक्त जास्त जाईल" म्हणून बायकोच्या झडपेच्या गोळ्या आठ दिवस बंद केल्या. हेतू चांगला होता, पण झडपेवर गुठळी झाली असती तर जीव गेला असता. तपासायला नेलं तेव्हा कळलं, म्हणून निभावलं. बंद करायच्या की नाही, किती दिवस, हे डॉक्टर ठरवतील. कुठे लागलं की लवकर रक्त थांबत नाही, बाळंतपणात फार रक्त गेलं होतं, हेही सांगा. लाजू नका.

सुईनंतर दोन दिवस भारा नाही, हंडा नाही, आवणी नाही. घरच्यांनो, हे तुमच्यासाठी. घट्ट बसणारी ब्रा किंवा पोलकं रात्रीही घालायचं. पट्टी दिवसभर कोरडी ठेवायची. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-दहा मिनिटं धरायचा. वाडीत बर्फ कुठला, तर गार पाण्याची बाटली कोरड्या फडक्यात गुंडाळून धरा. दुखलं तर पॅरासिटामॉल. दुकानातली अंगदुखीची कुठलीही गोळी घेऊ नका, काही गोळ्यांनी रक्त जास्त वाहतं. हळद, चुना, पाला जखमेवर नको.

रक्त आलंच तर स्वच्छ फडकं ठेवून तळहाताने घट्ट दाबायचं, सलग पंधरा मिनिटं. मधेच उचलून बघायचं नाही. आपण सगळे इथेच चुकतो, दर मिनिटाला बघतो आणि धरलेली गुठळी सुटते. फडकं भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. तरी थांबलं नाही, स्तन भराभर फुगून ताठ झाला किंवा चक्कर आली, तर १०८ ला फोन करा आणि जवळचा दवाखाना गाठा. मग रात्र असो की पाऊस. दोन-चार दिवसांनी ताप, लाली, पू दिसला तर तेही दाखवायचं.

खर्चाचं विचाराल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा.

शेवटची गोष्ट आशाताईंसाठी. ज्या दिवशी बाईला सुई लागेल, त्याच दिवशी रिपोर्टची तारीख तुमच्या वहीत लिहा, आणि तिसऱ्या दिवशी तिच्या घरी जा. तेव्हाच डाग सगळ्यात काळा दिसतो. तिच्या जावेला, सासूला, नवऱ्याला बसवून सांगा की हे असंच होतं. रिपोर्टच्या दिवशी सोबत जायला कुणी नसेल तर आदल्या दिवशी मला फोन करा. मी येईन, आणि परतताना तिला घरापर्यंत सोडेन.