असीरगडावरील तळे

श्रोतेहो, पर्वतातील सरोवर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिमालय किंवा युरोपातील आल्प्स पर्वत उभा राहतो. हिमनदीने हजारो वर्षे खडक कोरून केलेली खोलगट जागा, तीत साचलेले बर्फाचे निळे पाणी आणि काठावरची निःशब्द शांतता, असे ते चित्र असते. ते पाहण्यासाठी शेकडो कोसांचा प्रवास करावा लागतो. बुऱ्हाणपूरच्या रहिवाशाला मात्र डोंगरमाथ्यावरचे शांत पाणी एका दिवसात पाहून घरी परतता येते. शहराच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरवर, खांडव्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, सातपुड्याच्या एका सुट्या शिखरावर असीरगड उभा आहे, आणि त्याच्या माथ्यावर पावसाच्या पाण्याची तळी आहेत.

या सहलीला आश्विन-कार्तिकाचे दिवस उत्तम. पाऊस उघडलेला असतो, तळी भरलेली असतात आणि उन्हाचा ताप अद्याप असह्य झालेला नसतो. सकाळी लवकर पायथ्याचे गाव सोडावे. भोवतालच्या सपाटीपासून गडाची उंची सुमारे अडीचशे मीटर आहे आणि समुद्रसपाटीपासून ती सातशे मीटरच्या आसपास भरते. आकडे ऐकून चढ किरकोळ वाटतो. पण वाट उभी आहे आणि अखेरच्या टप्प्यात काळ्या खडकाचा ताशीव कडा भिंतीसारखा आडवा येतो. वाटेच्या दोहों बाजूंस साग, पळस आणि सीताफळीची झुडपे आहेत. एकामागून एक भक्कम दरवाजे लागतात. खडकावर मोगल बादशाहांच्या काळचे फारसी लेख कोरलेले आहेत. धाप लागलेला प्रवासी ते पाहण्याच्या निमित्ताने थांबतो आणि मागे वळून पाहतो, तेव्हा दक्षिणेस तापीचे खोरे पसरलेले दिसते. गडाला दक्षिणेचा दरवाजा का म्हणत, हे त्या एका दृष्टिक्षेपात कळते. नर्मदेच्या खोऱ्यातून तापीच्या खोऱ्यात उतरणारी वाट याच डोंगराच्या नजरेखालून जाते.

माथ्यावर पोहोचल्यावर प्रथम मशिदीचे उंच मिनार दिसतात. फारुकी सुलतानांनी सोळाव्या शतकात ही मशीद बांधली. पलीकडे महादेवाचे जुने मंदिर आहे. अश्वत्थामा आजही पहाटे येथे येऊन पिंडीवर फूल वाहतो, अशी या परिसरातील लोकांची श्रद्धा आहे. इंग्रज फौजेच्या पडक्या बराकी आणि थडगीही येथे आहेत. या साऱ्यांच्या मध्ये, गवताने वेढलेले, तळ्याचे पाणी असते. वारा पडला की त्यात आकाश स्वच्छ उमटते. पाण्यावर चतुर भिरभिरतात, आणि खालच्या रस्त्यावरील मोटारींचा आवाज येथवर जेमतेम पोहोचतो.

परंतु हे पाणी हिमालयातील सरोवरासारखे आपोआप साचलेले नाही, हे ध्यानात घ्यावयास हवे. सातपुड्याचा हा भाग लाव्हारसाच्या थरांनी बनला. येथे हिमनदी नव्हती, आणि असल्या सुट्या डोंगराच्या माथ्याला वाहती नदीही नसते. वर पडलेला पाऊस अडवला नाही तर काही घटकांत कड्यावरून खाली निघून जातो. म्हणून कोणा अनाम हातांनी खडक खोदला, उतार पाहिला, बांध घातले, गाळ उपसला आणि चार महिन्यांचे पाणी वर्षभरासाठी राखले. गडाचे खरे बळ तटबंदीइतकेच या तळ्यांत होते.

इतिहासाची साक्षही तशीच आहे. 1600 साली अकबर बादशाह स्वतः बुऱ्हाणपुरास आला आणि त्याने असीरगडास वेढा दिला. महिन्यांमागून महिने गेले, तरी तोफांनी गड पडेना. अखेर जानेवारी 1601 मध्ये तो बादशाहाच्या हाती आला. कसा आला, याविषयी दोन हकिकती आहेत. दरबारी इतिहासकार सांगतात की, दाटीने भरलेल्या गडात रोगराई पसरली. जेरोम झेवियर हा जेझुइट धर्मगुरू, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या घराण्यातील, त्या वेळी बादशाहाच्या छावणीबरोबर होता. जेझुइटांच्या वृत्तांतात वेगळीच हकिकत आहे. गडावर पाणी, सरपण आणि धान्य मुबलक होते; पण सुलतान बहादूरखान फारुकी याला अभय देऊन बाहेर बोलावले, अडकवून ठेवले, आणि नंतर गडावरील सरदारांना द्रव्याने फोडले, असे त्यात म्हटले आहे. यांतील खरे कोणते, याचा निवाडा इतिहासकार करोत. गड तहानेने पडला, असे मात्र या दोहोंपैकी एकही हकिकत म्हणत नाही.

पुढे 1819 साली पुन्हा तसाच प्रसंग आला. नागपूरचे पदच्युत राजे आप्पासाहेब भोसले यांनी आश्रयासाठी या गडाकडे धाव घेतल्याचे निमित्त झाले आणि इंग्रजांनी वेढा घातला. शिंद्यांचे किल्लेदार यशवंतराव लाड यांनी निकराने गड लढविला; पण एप्रिल महिन्यात त्यांना तो खाली करावा लागला. गडावरील बंदुकीची दारू तेव्हा जवळजवळ संपली होती. दारू संपली, पाणी नव्हे. तळ्यांनी आपले काम दोन्ही वेळा चोख बजावले.

मग ही तळी निकामी कशाने होतील? शत्रूच्या तोफांनी नव्हे. फौज गेली, वस्ती गेली, गाळ उपसणारे हात गेले. गड आज राष्ट्रीय महत्त्वाचे संरक्षित स्मारक आहे. पण संरक्षणाचा फलक पाण्यात पडलेली प्लास्टिकची बाटली काढू शकत नाही. ज्या पाण्याच्या आधारावर एक अख्खी फौज अकबरासारख्या बादशाहापुढे महिनोन्‌महिने टिकली, त्यात एखादा सहलकरी क्षणभर विचार न करता खाऊचे रिकामे पुडके भिरकावतो. डोंगरमाथ्यावरच्या तळ्याला बाहेरून नवे पाणी मिळत नाही. जे वरून पडेल तेवढेच त्याचे. म्हणून तेथे टाकलेली घाण वाहून जात नाही, ती तेथेच राहते.

बुऱ्हाणपूरकरांना हे निराळे सांगावे लागू नये. त्यांच्याच शहरात 1615 साली, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, कुंडी भंडाऱ्याची योजना झाली. सातपुड्याच्या उतारावर मुरलेले पाणी तापीकडे झिरपत जाते. ते भुयारांत अडवून आणि एका ओळीत खोदलेल्या कुंड्यांतून नेऊन शहराला पाजले गेले. गडावर पाणी माथ्यावरच धरून ठेवले, शहरात ते जमिनीखालून आणले. दोन्हींचे मूळ एकच, सातपुड्यावर पडणारा पाऊस. आणि दोन्हींचे रक्षणही एकाच गोष्टीने होते, ते वापरणाऱ्या माणसाच्या जाणिवेने.

तेव्हा, श्रोतेहो, असीरगडाला जरूर जावे. मुलांना बरोबर न्यावे. मशीद पाहावी, मंदिर पाहावे, दरवाजे मोजावेत. पण अर्धा तास तळ्याच्या काठी नुसते बसावे आणि हे पाणी येथे कसे राहिले, हे मुलांना समजावून सांगावे. पिण्याचे पाणी पायथ्यापासून बरोबर न्यावे, कारण वर पाणी असले तरी ते पिण्याजोगे राहिलेले नाही. काळोख पडण्यापूर्वी उतरावे. आणि उतरताना आपली रिकामी बाटली, व जमल्यास दुसऱ्याने टाकलेली एखादी, पिशवीत घालून खाली आणावी. गड राखणे पूर्वी किल्लेदाराचे काम होते. आज ते एवढेच आहे, आणि ते कोणालाही करता येईल.