चुनखडीच्या गुहेतला तुकडा
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



प्रवासाविषयी काही बोला, असा चिटणीस साहेबांचा निरोप आला तेव्हा मी प्रथम नाहीच म्हणालो. शिक्षक बोलू लागला की त्याचा धडा होतो, आणि धडे तुम्ही वर्षभर ऐकताच. तरीही उभा आहे. कारण जे सांगावयाचे आहे त्यात माझीच फजिती आहे.

२०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची पाच माणसे अंदमानला गेलो. अम्मी, पत्नी, नववीतली मुलगी, चौथीतला मुलगा आणि मी. त्यासाठी दोन वर्षे भिशी लावली होती. सेल्युलर जेल पाहिला. पण आज सांगतो ते बाराटांग बेटाविषयी. पोर्ट ब्लेअरपासून (२०२४ पासून या शहराचे नाव श्री विजयपुरम झाले आहे) हे बेट शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. रात्री तीनला निघावे लागते, कारण जिरकाटांगच्या नाक्यापासून पुढे गाड्या एकट्या सोडत नाहीत. तांडा करून, बंदोबस्तात सोडतात. पुढचा रस्ता जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जातो.

२०११ च्या जनगणनेत जारवा ३८० होते. आपल्या एका वाडीएवढी ही माणसे! बाहेरचे साधे रोगही त्यांच्या अंगाला नवे; १९९९ साली त्यांच्यात गोवराची साथ आली होती. म्हणून नियम कडक आहेत: गाडी थांबवावयाची नाही, फोटो काढावयाचा नाही, खाऊ द्यावयाचा नाही. आमच्या बसमध्ये एक गृहस्थ बिस्किटांचा पुडा फोडून खिडकीशी तयार बसले होते. मी त्यांना चांगले दहा मिनिटे समजावले. शेवटी अम्मीच म्हणाली, "बस कर बेटा, पुडा केव्हाच पिशवीत गेला." वाटेत आम्हाला कोणी जारवा दिसला नाही, आणि ते बरेच झाले.

पुढे खाडी. बससकट माणसे मोठ्या बोटीतून पलीकडे जातात, आणि तेथून लहान होडी. ही होडी कांदळवनातून जाते. कांदळे आपल्या कोकणातल्या खाडीलाही आहेत, पण तेथे दोन्ही काठांची झाडे डोक्यावर एकमेकांना भिडतात व खाली हिरवा काळोख होतो. मगरींचा इशारा देणारी पाटी पाहून मुलाने पाण्यातला हात आपण होऊन आत घेतला. त्यानंतर दीडेक किलोमीटर पायवाट. सदाहरित जंगल म्हणजे काय हे मी वर्गात पंधरा वेळा शिकवले असेन. पण सकाळी नऊ वाजता शर्ट पिळून काढावा इतका घाम येतो, हे पुस्तकात नव्हते. वाटेतल्या वस्तीवर लिंबू सरबत मिळाले. अम्मी तेथेच टेकली. "तुम्ही बघून या, मला अंधार घरीही मिळतो," म्हणाली.

आमच्या वाटाड्याचे आजोबा जंगलतोडीच्या कामासाठी छोटा नागपूरकडून आणलेले. बाराटांगवर अशी घरे पुष्कळ आहेत. गुहेत दिवे नाहीत. त्याच्या हातातली बॅटरी तेवढी. दोन्ही बाजूंच्या भिंती ओल्या, आणि छतातून पांढरट सुळके लोंबत होते. मुलगा सहलीत वेरूळ पाहून आलेला. त्याने लगेच विचारले, "अब्बा, ही लेणी कोणी कोरली?"

मी बी.ए. चा माणूस, विज्ञान माझा विषय नव्हे. पण हे मला येत होते. वेरूळ माणसाने काळ्या कातळात छिन्नीने कोरले. येथे छिन्नी पाण्याची. पावसाचे पाणी जंगलातल्या कुजलेल्या पाचोळ्यातून झिरपते तेव्हा कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होते. ते चुनखडी विरघळवते आणि खडकात पोकळी करते. तेच पाणी छतातून ठिबकू लागले की त्यातला वायू उडून जातो व चुन्याचा कण मागे राहतो. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकले की ती दुधाळ होते, फार फुंकले तर पुन्हा नितळ होते. हा प्रयोग तुमच्यापैकी आठवीच्या पुढच्यांनी केला असेल. गुहेत हाच खेळ हजारो वर्षे चालला आहे. आपल्या पुस्तकात या सुळक्यांना लवणस्तंभ म्हणतात. त्यावर मुलाचा प्रश्न, "खारट लागतात का?" वाटाड्या हसला. म्हणाला, "चाटू नको, हातही लावू नको." हाताचे तेल लागले की तेथे चुना नीट धरत नाही, वाढ खुंटते. आणि वाढ तरी किती? साधारण वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग. बोटभर लांबीला सात-आठशे वर्षे!

मग त्याने बॅटरी विझवली. मुलाने माझा हात घट्ट धरला. थेंबांचा तेवढा आवाज. याच बेटाच्या इतर गुहांत पाकोळीसारखे लहान पक्षी अशाच अंधारात टिकटिक आवाज करून, त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतात आणि लाळेची घरटी बांधतात. ती घरटी परदेशात सूपासाठी इतक्या दराने विकली जात की पक्षी संपत आले होते. सालिम अलींच्या नावाच्या कोईमतूरच्या संस्थेने व वनखात्याने अंदमानात घरटी चोरणाऱ्यांनाच राखणदार केले. ही हकीकत मी मुलांना तेथेच रंगवून सांगितली.

आणि बाहेर पडताना, पायाशी पडलेला बोटभर तुकडा उचलून मी खिशात टाकला.

शाळेच्या भूगोलाच्या कपाटात लवणस्तंभ नाही, हे डोक्यात होते. तुटलेलाच तर होता, मी थोडाच तोडला? वस्तीवर सरबताचे पैसे काढताना तो बाकावर पडला. मुलीने पाहिला. ती मोठ्याने काही बोलली नाही. एवढेच म्हणाली, "अब्बा, त्या बिस्किटवाल्या काकांना काय सांगायचं?" ते गृहस्थ शेजारच्याच बाकावर बसले होते.

मी तुकडा वाटाड्याकडे दिला. त्याने तो सदऱ्याला पुसला आणि म्हणाला, "साहेब, रोज कोणी ना कोणी देतं. मी संध्याकाळी आत ठेवून येतो." बिस्किटवाल्यांनी मला पुडा पुढे केला. मी दोन बिस्किटे घेतली. दुसरे काय करणार?

बाराटांगला चिखलाचे ज्वालामुखीही आहेत. ते पाहिले, पण त्या दिवशी त्यांच्याकडे माझे लक्ष नव्हते. परतीच्या तांड्याची वेळ झाली होती.

भूगोलाच्या कपाटातली जागा अजून रिकामी आहे.