आधी माफी, मग प्रार्थना

आमच्या गटात बहुतेक जणी ख्रिस्ती, म्हणून बैठक प्रार्थनेनं सुरू होते. मागे एका ताईंचा २०० रुपयांचा हप्ता थकला म्हणून आम्ही त्यांना सगळ्यांदेखत चार बोल सुनावले. घरी येऊन वही पाहिली, तर पैसे जमा होते! नोंद आम्हीच दुसऱ्या नावापुढं केलेली.

गुपचूप खाडाखोड करावी, असंच आधी मनात आलं. खोटं कशाला सांगू? पण मत्तयाचा पाचवा अध्याय आठवला. कुणाचं मन दुखावलं असेल तर अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी समेट करायला प्रभू सांगतो. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणलं, ते आपल्यासारख्या बायांना कळावं म्हणूनच. कळलं नाही, असं म्हणायला जागाच नव्हती.

एकटीला गाठून माफी मागणं सोपं होतं. पण बोललो चारचौघींत, तर माफीही चारचौघींतच हवी. पुढच्या बैठकीत प्रार्थनेआधी वही उघडली, चूक सांगितली, हात जोडले. ताई गप्पच होत्या. मग म्हणाल्या, “यापुढं दर बैठकीला हिशेब मोठ्यानं वाचा.”

आता वाचतो.